ब्याण्णव टक्के

२ जुलै २०१९ रोजी, चिलीच्या घड्याळाप्रमाणे दुपारी ४ वाजून ३८ मिनिटांनी, एल्की नदीच्या खोऱ्यात सूर्य पूर्ण झाकला जाणार हे आमच्यापैकी कोणाच्याही जन्माच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं. ओपोल्झर नावाच्या ऑस्ट्रियन खगोलशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये हजारो ग्रहणांची गणितं छापून ठेवली, थेट इसवी सन २१६१ पर्यंतची. हे ग्रहण त्यात आहे. आणि मुंबईहून २९ जूनच्या पहाटे सुटणारं आमचं विमान किती वाजता सुटेल, हे त्याच पहाटे त्याच विमानतळावर उभ्या असलेल्या एकाही माणसाला सांगता येत नव्हतं.

त्या वर्षी मान्सूनने मुंबईला फार रखडवलं. जून संपत आला तेव्हा कुठे तो आला आणि २८ तारखेला असा कोसळला की मागची सगळी थकबाकी एका दिवसात चुकती करतोय असं वाटावं. पुण्याचे आम्ही सकाळीच निघालो होतो. ठाण्या-डोंबिवलीचे पाण्यातून वाट काढत आले. नाशिकचे डॉक्टर आदल्या दिवशीच मुंबईत येऊन राहिले होते, आणि हे त्यांनी प्रत्येकाला निदान दोनदा सांगितलं.

आम्ही चोवीस जण होतो. पुढारी म्हणजे आमचे सर, निवृत्त भौतिकशास्त्राचे शिक्षक. १९९५ साली राजस्थानात दुंडलोदला त्यांनी खग्रास पाहिलं, मिनिटभरसुद्धा नसलेलं, आणि त्या मिनिटाने त्यांचं पुढचं आयुष्य खाल्लं. १९९९ ला गुजरातमध्ये ढग. २००९ ला पुन्हा ढग. 'भारतात ग्रहण पावसाळ्यात आलं की आपण बेडूक बघायला जातो' असं ते म्हणायचे. म्हणून मग चिली. तिथे कोरडी हवा आणि जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी, फक्त वाट लांबची: मुंबईहून आखात, आखातातून साओ पाउलो, तिथून सांतियागो, तिथून ला सेरेना. चार विमानं. प्रत्येक दोन विमानांच्या मध्ये तीन-चार तासांची फट. कागदावर फार सुरेख दिसत होतं ते. सरांनी रंगीत तक्ता करून सगळ्यांना पाठवला होता आणि ठाण्याच्या काकांनी, म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर, त्यातली एक बेरीज चुकल्याचं तासाभरात कळवलं होतं.

सरांनी आम्हाला नंबर दिले होते. ते 'मोजणी!' म्हणाले की एकापासून चोवीसपर्यंत ओरडायचं. शाळेच्या सहलीसारखं वाटतं म्हणून निम्मे जण सुरुवातीला लाजत होते. मी सतरा. काका अकरा. अकरा नेहमी बाथरूमला गेलेला असायचा.

सुरक्षा तपासणीत पहिली अडवणूक झाली ती दुर्बिणींची. यंत्रवाले तिघे होते. त्यांच्या पाठीवर लांबुडक्या नळ्या, पोटाशी बॅटऱ्या, आणि एकाच्या हातपिशवीत दुर्बिणीचा तोल साधायचं लोखंडी वजन. लिथियम बॅटऱ्या सामानात टाकता येत नाहीत, जवळच ठेवाव्या लागतात. त्यामुळे एक्स-रेच्या पडद्यावर नळी, तारा, बॅटरी आणि लोखंडाचा गोळा हे सगळं एकाच पिशवीत दिसत होतं. जवानाने पट्टा थांबवला. तिघंही एकदम समजावू लागले, त्यामुळे काहीच समजेना. शेवटी एकाने मोबाइलवर ग्रहणाचा फोटो दाखवला.

"यहाँ दिखेगा क्या?" जवानाने विचारलं.

"नही. यहाँ तब रात के दो बजे होंगे."

"तो आप लोग उधर जा रहे हो? ग्रहण देखने?" तो खरोखरच चक्रावला होता. "हमारे घर में तो ग्रहण में किसी को बाहर नहीं निकलने देते."

त्या रांगेत माझ्या मागे कारवारच्या मावशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, "आमच्याही" एवढंच म्हणाल्या. त्याचा अर्थ मला साओ पाउलोत कळायचा होता.

या मावशींना काही जणांनी व्हीलचेअर घ्यायचा सल्ला दिला होता. गुडघ्यांसाठी नव्हे. व्हीलचेअर असली की रांग चुकते आणि सोबतचे दोघंही सुटतात, हे आपल्याकडे आता सर्वज्ञात आहे. मावशी म्हणाल्या, "बसते की. पण मांडीवर तेवीस जणांना कशी घेऊ?" तो विषय तिथेच संपला.

विमान काही येईना. आधी 'उशीर', मग 'आणखी उशीर', मग कळलं की आमच्यासाठी येणारं विमान पावसामुळे दुसऱ्याच शहरात उतरलंय. ते आलं तेव्हा वैमानिकांच्या कामाचे तास संपत आले होते. दुसरे वैमानिक शहरातून निघाले होते, आणि शहरात पाणी भरलं होतं. म्हणजे कोणाचीच चूक नव्हती. त्यामुळे काकांची फार पंचाईत झाली. तक्रारीचं पत्र त्यांनी मनात लिहून तयार ठेवलं होतं, फक्त ते पाठवायचं कोणाला हे ठरेना.

आखातात उतरलो तेव्हा साओ पाउलोचं विमान गेलेलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशी सकाळी. एक खिडकी, एक दमलेली मुलगी, चोवीस पासपोर्ट. तिने सगळ्यांना त्या विमानात बसवलं, विखरून का होईना, आणि जेवणाची कुपनं दिली. त्या रात्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गालिच्यावर पंक्ती बसल्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली, एसीने सगळे गारठले, आणि मध्यरात्री सरांनी 'मोजणी' म्हटल्यावर शेजारच्या बाकावरचा एक केरळी गृहस्थ 'पच्चीस' असं ओरडला.

पुढचा प्रवास जवळजवळ पंधरा तासांचा. इतक्या लांबच्या विमानात माणूस माणूस राहत नाही, फक्त गुडघे आणि मूत्राशय उरतं. त्या दिवशी, ३० जूनला, विश्वचषकात भारत-इंग्लंड सामना होता. आम्ही अटलांटिकवर असताना तिकडे बर्मिंगहॅमला काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. साओ पाउलोत चाकं जमिनीला लागल्याबरोबर सगळे फोन चालू झाले आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "एकतीस रनांनी हरलो." रोहितने शतक केलं होतं तरी. हा आवाज सांगलीच्या मुलाचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, ग्रुपमध्ये सगळ्यात लहान, नंबर चोवीस. घरच्यांनी अर्धे पैसे दिले होते, उरलेले त्याने शिकवण्या घेऊन जमवले होते.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

साओ पाउलोहून सांतियागोला एरवी दिवसाला बरीच विमानं जातात. पण तेव्हा ब्राझीलमध्ये कोपा अमेरिका ही फुटबॉल स्पर्धा चालू होती. २८ जूनला त्याच साओ पाउलोत चिलीने कोलंबियाला पेनल्टीवर हरवलं होतं. लाल जर्सी घातलेले चिलीचे लोक विमानतळभर पसरले होते, काही घरी परतणारे, काही उपांत्य सामन्यासाठी पोर्तो आलेग्रेला निघालेले. त्यात जगभरातून ग्रहण बघायला निघालेले आमच्यासारखे वेडे. आमच्या आधीच्या विमानातल्या जागा गेल्या त्या गेल्या. आता उरलं होतं ते असं: त्याच रात्री सहा जागा, १ तारखेच्या सकाळी नऊ, दुपारी सात, आणि शेवटच्या दोन जागा २ तारखेच्या सकाळच्या.

२ तारखेच्या सकाळी निघालेला माणूस दुपारी एकच्या सुमाराला सांतियागोला उतरणार. तिथून ला सेरेना पावणेपाचशे किलोमीटर. देशांतर्गत विमानं ग्रहणासाठी कधीचीच भरलेली. म्हणजे त्या दोघांना ग्रहण सांतियागोतूनच बघावं लागणार, आणि सांतियागोत ते खंडग्रास, ब्याण्णव टक्के.

ज्याने खग्रास पाहिलेलं नाही त्याला ब्याण्णव टक्के म्हणजे जवळपास सगळंच असं वाटतं. तसं नाहीये. आठ टक्के सूर्य उरला तरी तो डोळे दिपवायला पुरेसा असतो. ऊन थोडं मळकट होतं, बस्स. दिवसा तारे दिसणं, प्रभामंडल, क्षितिजावर चहूबाजूंनी संध्याकाळ हे सगळं शंभरलाच. नव्व्याण्णवलाही नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला हे पाठ होतं, सरांनीच महिनोन्महिने घोकून घेतलं होतं, आणि आता तेच ज्ञान सगळ्यांच्या पोटात गोळा होऊन बसलं.

ब्राझीलचा व्हिसा कोणाकडेच नव्हता, म्हणजे विमानतळाबाहेर पडायची सोय नाही. एका बंद कॉफीच्या दुकानासमोर आम्ही गोल करून बसलो आणि सभा सुरू झाली. खिडकीवरच्या माणसाने अर्धा तास दिला होता.

सर म्हणाले, ज्यांनी आधी खग्रास पाहिलंय त्यांनी मागे थांबावं. पटण्यासारखं होतं. पण १९९५ ला पाहिलेले आमच्यात सर आणि काका असे दोघंच. काका उसळले. फतेहपूर सिक्रीला मिनिटभर बघितलं म्हणून मी पैसे कमी भरलेत का? आणि मग सर, तुम्हीही थांबणार का? यावर सर गप्प झाले, कारण ते थांबूच शकत नव्हते. बस, मैदान, मुक्काम, तिथला गाडीवाला, सगळं त्यांच्या नावावर होतं. ते पोचले नाहीत तर कोणीच कुठे पोचणार नव्हतं. यंत्रवाले म्हणाले की दुर्बीण लावायला, दक्षिण गोलार्धातला ध्रुव शोधून ती जुळवायला एक रात्र तरी लागते, आम्हाला आधी सोडा. हेही खरं. डॉक्टरांचं म्हणणं, मी शेवटच्या मोठ्या तुकडीबरोबर असलो पाहिजे. कोणी म्हणालं नवराबायकोंना तोडू नका. त्यावर एक मुलगी म्हणाली, एकट्या आलेल्यांनी काय पाप केलंय?

मला त्या सभेत सगळ्यात थकवणारी गोष्ट ही वाटली की कोणीही खोटं बोलत नव्हतं. एखादा उघड स्वार्थी निघाला असता तर बाकीच्यांना एकजूट व्हायला बरं पडलं असतं. पण ज्याच्या त्याच्या मुद्द्याला बूड होतं, आणि प्रत्येक मुद्दा नेमका तो मांडणाऱ्यालाच पुढच्या विमानात बसवत होता.

तेव्हा मावशी बोलल्या. १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण. खग्रासचा पट्टा अरबी समुद्रावरून येऊन कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्याने देशात शिरला होता, म्हणजे सूर्य मावशींच्या सासरच्या कौलांवरच झाकला गेला होता. मावशी तेव्हा सात महिन्यांच्या गरोदर. सासूबाईंनी त्यांना माजघरात बसवलं, खिडक्यांना खाकी कागद चिकटवले, सुरी-कात्री उचलून ठेवली. "बाहेर कोंबडे आरवायला लागले. ते ऐकू आलं. एवढंच माझं ग्रहण." हे त्यांनी रडत वगैरे सांगितलं नाही, चिडून सांगितलं. त्या वेळी पोटात असलेल्या मुलानेच आता त्यांचं चिलीचं तिकीट काढलं होतं.

हे ऐकल्यावर मावशींना पहिल्या सहांत घालायला सगळे तयार झाले. मावशींनी नाही म्हटलं. "मी गोष्ट सांगितली ती जागा मागायला नव्हे. चिठ्ठ्या टाका."

चिठ्ठ्या विमानातल्या उलटीच्या पिशव्या फाडून केल्या. सर आणि तीन यंत्रवाले पहिल्या विमानात हे एकमताने ठरलं, आणि तरीही सरांना कोणाच्या डोळ्याला डोळा देता येईना. उरल्या वीस चिठ्ठ्या. त्यांपैकी दोनांवर 'रात्री', नऊंवर 'सकाळी', सातांवर 'दुपारी', दोनांवर फक्त फुली. एका लाल जर्सीवाल्या आजोबांच्या टोपीत घातल्या. काय चाललंय ते त्यांना खाणाखुणांनी समजावलं होतं. त्यांचा चेहरा पेनल्टीच्या वेळी असावा तसा झाला होता.

काकूंना 'रात्री' आली. काकांना फुली.

लग्नाला चाळीस वर्षं होत आलेली. सगळ्यांना वाटलं काकू आता म्हणतील, मी यांच्याबरोबर थांबते. काकूंनी पर्स उघडली, काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून त्यांच्या हातात ठेवल्या, 'जेवणानंतर, आधी नाही' म्हणाल्या आणि सरांच्या मागून चालू लागल्या. वळूनही पाहिलं नाही. काका त्या गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत राहिले.

दुसरी फुली सांगलीच्या मुलाला.

त्यानंतरची दोन-तीन मिनिटं कोणीही बोललं नाही. गोलातला प्रत्येकजण जमिनीकडे किंवा आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. माझ्या हातात 'दुपारी' होती. ती त्याला द्यावी असं माझ्या मनात आलं आणि मी दिली नाही. आज पुन्हा तीच वेळ आली तरी देईन की नाही, सांगवत नाही. मावशींकडे 'सकाळी' होती. त्या उठल्या आणि ती त्याच्यापुढे धरली. मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्ही ८० सालापासून थांबलाय. मला २०२७ चं इजिप्तमधलं लक्झर आहे. २०३४ ला तर लडाखमध्येच आहे, ट्रेकला जातो तसा जाईन." तारखा तोंडपाठ होत्या त्याला. मग मावशींनी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि बसल्या.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर एकेक तुकडी उठून जात राहिली. मोजणी करायला सर नव्हते, म्हणून मी करू लागले. आधी अठरा, मग नऊ. आकडे मधूनमधून गायब झाल्यामुळे क्रम लागेना. चिलीवाल्यांनी आम्हाला भाजलेले शेंगदाणे दिले, आम्ही त्यांना भाकरवडी दिली. भाकरवडी तिखट लागून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने परत मागितली. त्यांच्यापैकी बरेच जण ला सेरेनाच्या बाजूचे होते. ग्रहण बघायला घरी पोचायचं होतं त्यांनाही.

आम्ही सात जण १ तारखेच्या संध्याकाळी सांतियागोला उतरलो. तिथे पुढचं नाट्य होतं ते शेतीखात्याच्या तपासणीचं. चिली एका बाजूने अँडीज, दुसऱ्या बाजूने महासागर आणि वरून वाळवंट यांनी बंदिस्त असलेला देश. बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून हे लोक डोळ्यांत तेल घालून बसतात. फॉर्मवर लिहायचं: खाण्याचं काही आणलंय का? आमच्याकडे खाण्याशिवाय दुसरं काय होतं! आम्ही सगळ्यांनी 'हो' वर खूण केली. हिरवं जाकीट घातलेला एक कुत्रा सामानाभोवती फिरत आला आणि डॉक्टरांच्या बॅगेशी शांतपणे बसला. भुंकला नाही, काही नाही, फक्त बसला आणि मालकिणीकडे बघू लागला. आदल्या दिवशी मुंबईत येऊन राहिलेल्या डॉक्टरांच्या बॅगेतून लिंबं निघाली, कढीपत्ता निघाला, आणि मोड आणायला घेतलेले हिरवे मूग. तपासणाऱ्या बाईंनी कढीपत्त्याचा एक डहाळा नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला, छान आहे असं मानेने सांगितलं आणि पिंपात टाकला. चिवडा, चटण्या, भाजणी सुटली. कुत्र्याला बक्षीस म्हणून काहीतरी मिळालं. तेवढ्या रात्रीत समाधानी असा तो एकटाच.

एक बॅग मात्र आलीच नाही. त्यात एका दुर्बिणीची तिवई होती. ती आखातात राहिली असावी. हे फोनवर ऐकून सर म्हणाले, "चालेल." एवढ्या प्रवासात त्यांचा आवाज पहिल्यांदाच सैल झालेला ऐकला.

बस रात्री एकला निघणार होती. साडेअकराच्या सुमाराला, आम्ही बाहेर कुडकुडत उभे असताना (जुलै म्हणजे तिथला हिवाळा, हे माहीत असूनही निम्म्यांचे स्वेटर सामानाच्या तळाशी), दारातून सांगलीचा मुलगा चालत आला.

आम्ही सगळे किंचाळलो. रात्रीच्या विमानात ऐनवेळी एक जागा रिकामी राहिली होती. खिडकीवरच्या माणसाने चोवीस आणि अकरा या दोघांना विचारलं होतं.

"आणि काका?"

"काका म्हणाले, जा."

मुलगा बसमध्ये चढल्याचढल्या झोपला. रात्रभर पाच नंबरच्या महामार्गाने उत्तरेकडे जात राहिलो. फोनवर घरून निरोप येत होते: मुंबईत प्रचंड पाऊस, मुख्य धावपट्टीवरून विमान घसरलंय, धावपट्टी बंद. 'तुम्ही वेळेत निघालात' असं माझ्या बहिणीने लिहिलं होतं. ते वाचून काय उत्तर द्यावं सुचलं नाही. पहाटे खिडकीबाहेर वृश्चिक पश्चिमेला उतरत होता आणि उलटा दिसत होता, नांगी भलतीकडेच. उजाडल्यावर डोंगर दिसले, एकही झाड नसलेले, आणि खाली खोऱ्यात द्राक्षांच्या बागा. विकुन्या हे गाव. नोबेल मिळवणाऱ्या कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल यांचं जन्मगाव, पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. रस्त्याच्या कडेला घराघरांवर 'पार्किंग', 'शौचालय', 'सूप' अशा पाट्या लागल्या होत्या, हाताने रंगवलेल्या. शाळकरी पोरं पुठ्ठ्याचे चष्मे विकत होती. धंद्याची घाई सगळीकडे सारखी.

मैदान फुटबॉलचं होतं. सरांनी ते नकाशावरून निवडलं होतं, कारण ग्रहणाच्या वेळी सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेरा-चौदा अंशांवर असणार होता आणि पश्चिमेचा डोंगर आड यायला नको होता. तिवईऐवजी दुर्बीण एका ड्रमवर, खाली वाळूची पोती घालून, बसवली होती. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. अडीचच्या सुमाराला सरांनी, सवयीने, 'मोजणी!' म्हटलं. एक, दोन, तीन. दहा झाले. मग थांबलं सगळं.

"अकरा सांतियागोत आहेत," काकू म्हणाल्या. "पुढे मोजा."

ग्रहणाचं वर्णन मी करणार नाही. ते सगळ्यांनी लिहून झालंय आणि जमलेलं कोणालाच नाही. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. सूर्याच्या डागांचं चक्र तेव्हा तळाला होतं म्हणून प्रभामंडल गोल न पसरता दोन्ही बाजूंना पंखांसारखं निघेल असं सर सांगत आले होते, तसंच ते निघालं. खाली शुक्र, वर व्याध. मैदानावर शेकडो लोक ओरडत होते. मावशी ओरडल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि सूर्य परत आल्यावर, चष्मा लावता लावता, अगदी स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "ह्यासाठी कोंडलं होतं मला." नंतर जेवेपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत.

काका दोन दिवसांनी सांतियागोत भेटले, परतीच्या वाटेवर. त्यांनी ग्रहण विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभं राहून टॅक्सीवाल्यांबरोबर पाहिलं होतं. ब्याण्णव टक्के. चष्मे वाटले, आपल्या मोबाइलवर सूर्याची कोर टिपली, एका टॅक्सीवाल्याशी मैत्रीही केली. आणि तेव्हापासून आजतागायत ते प्रत्येक कोजागरीला, प्रत्येक गेट-टुगेदरला, चहाचा कप हातात आल्याबरोबर सांगतात की साओ पाउलोत हातात आलेलं शंभर टक्के ग्रहण त्यांनी एका होतकरू मुलाला कसं दिलं. गोष्ट दरवेळी थोडी लांबते. हल्ली त्यात मुलाच्या डोळ्यांत पाणीही आलेलं असतं.

गेल्या कोजागरीला काकूंनी मसाला दूध ढवळता ढवळता ती मध्येच तोडली.

"झोपले होते हे. तो पोरगा हलवून हलवून विचारत होता, काका, एकच जागा आहे, मी जाऊ का? तर हे म्हणाले, 'हं'. झोपेत म्हणतात तसं. घरीसुद्धा असेच म्हणतात. मी विचारते गॅस बंद केलात का, तेव्हाही 'हं'."

सांगलीचा मुलगाही तिथे होता. आता नोकरी करतो, बंगळुरूला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने दुधाचा मोठा घोट घेतला आणि म्हणाला, "काका 'जा' म्हणाले होते." काका ताठ बसले. काकूंनी त्याच्या पेल्यात आणखी दूध ओतलं आणि एवढंच म्हणाल्या की पोरगा गुणी आहे.

त्याच रात्री सरांनी २०२७ ची वही काढली. २ ऑगस्ट, लक्झर, सहा मिनिटांहून जास्त, आणि ऑगस्टमध्ये तिथे पावसाचं नावही नाही. पहिलं नाव काकांनी लिहिलं, शेजारच्या रकान्यात ठळक अक्षरांत अटीसह: सर्वांसाठी एकच विमान, चिठ्ठ्या टाकल्या जाणार नाहीत. काकूंनी वही ओढून घेतली, त्याखाली आपलं नाव लिहिलं, आणि अटीच्या रकान्यात लिहिलं की त्या आठवडाभर आधी जाणार आहेत, मावशींबरोबर.